ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणारं सॉफ्टवेअर निवडताना काय बघायचं?

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींनी मागच्या वर्षी एका पेन ड्राइव्हसाठी अडीच हजार रुपये मोजले. 'घरबसल्या कॉम्प्युटर शिका, संपूर्ण मराठीत' असं त्याच्या पाकिटावर छापलेलं होतं. वहिनींनी तो कोर्स दीड महिना इमानेइतबारे केला. रोज दुपारी एक धडा, आठवड्याला एक चाचणी, शेवटी पडद्यावर टाळ्यांचा आवाज आणि ९२ टक्के गुण. त्यानंतर एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसातून बिलिंगच्या कामासाठी बोलावणं आलं. तिथल्या मॅनेजरनी कॉम्प्युटर समोर ठेवून एवढंच सांगितलं, "ईमेलमधलं हे बिल उतरवून घ्या, आजच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन प्रती काढा."

वहिनी स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात शोधत राहिल्या. ते मधोमध होतं. बिल उतरलं, पण गेलं कुठे ते सापडेना. राइट क्लिक केल्यावर 'कॉपी' असा शब्दच दिसला नाही, नुसती चित्रं दिसली. दहा मिनिटांनी मॅनेजर म्हणाले, "राहू द्या ताई, कळवतो." ते कळवणं अजून आलेलं नाही.

संध्याकाळी त्या पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आल्या. लावून बघितला तर पहिल्याच धड्यात विंडोज ७. मिलच्या ऑफिसात विंडोज ११. वहिनी शिकल्या होत्या ते चुकीचं नव्हतं, ते जुनं होतं, आणि विकणाऱ्यानं ते सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी जो प्रश्न विचारला तोच या लेखाचा विषय आहे: "भाऊ, आता परत पैसे घालायचे तर कशात घालू? आणि घालायचे तरी का?"

आधी शब्दाचा घोळ मिटवू

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत कॉम्प्युटर बेस्ड ट्रेनिंग म्हणतात, थोडक्यात सीबीटी. नोकरीच्या जाहिरातीत 'परीक्षा सीबीटी पद्धतीने होईल' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ कॉम्प्युटर बेस्ड टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर घेतली जाणारी परीक्षा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. इथे आपण शिकवणाऱ्या सीबीटीबद्दल बोलतोय.

कॉम्प्युटरनं माणसाला शिकवायचं ही कल्पना बरीच जुनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' नावाची यंत्रणा सुरू झाली, ती याच कामासाठी. पुढे घराघरांत कॉम्प्युटर आले तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनाच लोकांना शिकवण्याची गरज पडली. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ आला. माउसनं वस्तू धरून ओढायची आणि सोडायची ही सवय लोकांना त्या पत्त्यांमुळे नकळत लागली. मला तर ते आजवरचं सगळ्यात यशस्वी सीबीटी वाटतं. आपण शिकतोय हे कोणाला कळलंसुद्धा नाही.

महाराष्ट्रात सीबीटी हे नाव न घेता लाखो लोकांनी तो प्रकार वापरलेला आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झालं आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली. तिथे केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर 'ईआरए' हे सॉफ्टवेअर उघडून रोज ठरलेली सत्रं करायची असतात. मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतलं निवेदन ऐकायचं, कृती करायची आणि त्याचे गुण जमा होत जातात. शिक्षक मदतीला असतो, पण मुख्य शिकवणं सॉफ्टवेअर करतं. जळगावात कॉलनीकॉलनीत अशी केंद्रं आहेत. तुमच्या घरात कोणीतरी तिथे बसलेलं असणारच.

सॉफ्टवेअर शिकवतं कसं, हे कळलं की निम्मी निवड झाली

बाजारात जे काही मिळतं ते ढोबळमानानं तीन प्रकारांत बसतं. व्हिडिओ, नकली पडदा आणि खरी सिस्टीम.

व्हिडिओबद्दल फार लिहायची गरज नाही. कोणीतरी करून दाखवतं, आपण बघतो. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि हात माउसवर गेला की काहीच आठवत नाही. व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघितलं तरच त्याचा उपयोग.

नकली पडद्याचा प्रकार मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे त्याचेच घेतले जातात आणि फसगतही तिथेच होते. त्याला सिम्युलेशन म्हणतात. कोर्स बनवणारा माणूस आपल्या कॉम्प्युटरवर एखादं काम करतो आणि प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो काढून ठेवतो. मग त्या फोटोवर न दिसणारी एक चौकट आखतो. तुमचं क्लिक त्या चौकटीत पडलं की पुढचा फोटो येतो, बाहेर पडलं की 'चूक, पुन्हा प्रयत्न करा'. म्हणजे तुम्ही विंडोज वापरत नसता, विंडोजच्या फोटोंचा अल्बम उलटत असता.

याचा फायदा नक्की आहे. काहीही दाबलं तरी काही बिघडत नाही. ज्यानं आयुष्यात माउस धरला नाही, ज्याला 'काही उडालं तर?' ही भीती आहे, त्याच्यासाठी पहिले आठ-दहा दिवस हे उत्तम. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या माणसांना मी आजही इथूनच सुरुवात करायला सांगतो.

तोटा असा की फोटो फक्त एकच वाट ओळखतो. 'फाइल कॉपी करा' असं सांगितलं की राइट क्लिक करून कॉपी निवडणं हेच बरोबर. तुम्ही कंट्रोल-सी दाबलं तर चूक. खऱ्या विंडोजमध्ये दोन्ही बरोबर आहेत, आणि कंट्रोल धरून फाइल ओढली तरी कॉपीच होते. ज्या मुलाला आधीपासून थोडं येतं, तो अशा कोर्समध्ये हमखास कमी गुण मिळवतो. वहिनींसारखं कोणी, ज्यांना फक्त दाखवलेली वाट माहिती, ते ९२ टक्के मिळवतात.

आणि फोटोत परिणाम नसतात. एक साधी गोष्ट घ्या. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल ओढली तर ती तिकडे हलते, मूळ जागी राहत नाही. तीच फाइल पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते, मूळ तशीच राहते. कृती एकच, परिणाम दोन. दुसरं, घरच्या ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते, पण पेन ड्राइव्हवरची केली तर साधारणपणे थेट नाहीशी होते. दुकानाचा वर्षाचा हिशोब पेन ड्राइव्हवर ठेवणाऱ्यानं हे शिकायला हवं की नको? कोर्स विकत घेण्याआधी विचारा, या दोन गोष्टी कुठल्या धड्यात आहेत. उत्तर आलं नाही तर तो कोर्स बटणं दाखवतो, सिस्टीम शिकवत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या सिस्टीमवर शिकण्याचा. सॉफ्टवेअर काम देतं, तुम्ही खऱ्या विंडोजवर किंवा लिनक्सवर ते करता, आणि झालं की नाही ते सॉफ्टवेअर किंवा शिक्षक तपासतो. कुठल्या वाटेनं केलं याच्याशी देणंघेणं नाही, फाइल योग्य जागी पोहोचली की झालं. सगळ्यात टिकाऊ शिकणं हेच.

भीती वाटत असेल तर ती घालवायचेही उपाय आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर 'सराव' नावाचं वेगळं युजर अकाउंट उघडा, स्टँडर्ड प्रकारचं. त्यात काहीही गोंधळ घातला तरी बाकीच्यांच्या फाइली सुरक्षित राहतात. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर त्यात 'सँडबॉक्स' नावाची सोय चालू करता येते: खिडकीत एक कोरं विंडोज उघडतं, खिडकी बंद केली की त्यातलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ती मिळत नाही. आणि रॅम आठ जीबी किंवा जास्त असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो. त्यात स्नॅपशॉट नावाची सोय आहे. आत्ताची स्थिती जपून ठेवायची, मग हवं ते मोडायचं आणि परत मागे यायचं. फॉरमॅट करायला, लिनक्स टाकायला, पार्टिशन पाडायला शिकणाऱ्या पोरांनी बापाच्या लॅपटॉपवर प्रयोग करण्याआधी इथे करावेत. चार जीबीच्या मशीनवर मात्र याच्या नादी लागू नका, दोन्ही कॉम्प्युटर रांगायला लागतील.

आवृत्ती: वहिनींना नडलेला मुद्दा

विंडोज ७ २००९ मध्ये आलं आणि त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. कोर्स कुठल्या विंडोजचा आहे हा पहिला प्रश्न. कुठल्या वर्षी शेवटचा सुधारला हा दुसरा, आणि तो तितकाच महत्त्वाचा. कारण एकाच विंडोज ११ मध्येसुद्धा पडदा बदलत आलाय. राइट क्लिकच्या यादीत कट, कॉपी, पेस्ट ही आधी नुसती चित्रं होती, २०२४ च्या आवृत्तीत त्यांच्याखाली नावं आली. मिलमधला कॉम्प्युटर त्या आधीचा असणार, म्हणून वहिनींना शब्द दिसला नाही.

त्याहून मोठा बदल दिसत नाही असा आहे. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेले असू शकतात. म्हणजे फाइल समोर दिसते, पण ती इंटरनेटवरच्या खात्याशी जोडलेली असते, आणि तिथे फुकट जागा पाच जीबी. 'माझी फाइल नेमकी कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर विंडोज ७ च्या काळात सोपं होतं, आज नाही. वनड्राइव्हचा उल्लेखही नसलेला कोर्स आज विंडोज शिकवतो असं म्हणता येणार नाही.

जुन्या सीडी-डीव्हीडींची गंमत वेगळीच. त्यातल्या पुष्कळ कोर्सेसचे धडे फ्लॅशमध्ये बनवलेले होते. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच बंद केलं गेलं. तेव्हा फुले मार्केटात कोणी जुनी डीव्हीडी शंभर रुपयांत देत असेल तर ती रिक्षाच्या आरशाला टांगायला घ्या, शिकायला नको.

लिनक्सचंही हेच. उबुंटूचा पडदा २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्ण बदलला, युनिटी जाऊन ग्नोम आलं. त्याआधीच्या धड्यात डावीकडे दिसणारी बटणं आणि मेनू आज तसेच्या तसे मिळणार नाहीत. पण लिनक्समध्ये एक दिलासा आहे. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या आज्ञा, म्हणजे टर्मिनल, वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच आहेत. दहा वर्षांपूर्वीचा टर्मिनलचा धडा आजही चालतो. जुना कोर्स फुकट मिळाला तर त्यातला हा भाग ठेवा, बाकी सोडा.

दहा कामांची चाचणी

वहिनींचा पेन ड्राइव्ह बघितल्यावर आम्ही एका कागदावर कामं लिहिली. कोणताही कोर्स घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका या कागदाशी ताडून बघायची, आणि कोर्स संपल्यावर हीच कामं अनोळखी कॉम्प्युटरवर करून बघायची. सॉफ्टवेअरनं दिलेल्या गुणांपेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो.

ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली फाइल शोधणं. तिला समजेल असं नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये ठेवणं. झिप फाइल उघडणं. पडद्याच्या एका भागाचाच फोटो काढणं. मराठी कीबोर्ड जोडून दोन ओळी टाइप करणं. प्रिंटरच्या रांगेत अडकलेलं काम रद्द करणं. नको असलेलं सॉफ्टवेअर काढून टाकणं. दुसऱ्यासाठी वेगळं युजर अकाउंट बनवणं. हँग झालेला प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून बंद करणं. आणि दहावं, फाइलचं खरं आडनाव दिसेल अशी सेटिंग करणं.

हे आडनाव म्हणजे एक्स्टेन्शन. विंडोज मुळात ते लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाची फाइल आली तर तुम्हाला फक्त 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं. वाटतं बिल आहे, असतो प्रोग्राम. व्यापाऱ्यांना असली 'बिलं' ईमेलवर येतात आणि एका डबल क्लिकमध्ये मशीन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. मी पाहिलेल्या विकतच्या कोर्सेसमध्ये वॉलपेपर कसा बदलायचा याला पाच मिनिटं असतात, याला एकही नसतं.

प्रिंटरच्या रांगेवरून कोणी हसलं तर हसू द्या. सोनाराच्या पेढीत, केळीच्या आडतीत, शाळेच्या ऑफिसात, कुठेही बसा, 'प्रिंट येत नाही' हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकू येतं. ते सोडवणारा माणूस त्या ऑफिसात 'कॉम्प्युटरवाला' ठरतो.

मराठीत शिकायचं म्हणजे नेमकं काय मराठीत?

निवेदन मराठीत आणि पडदा इंग्रजीत, ही जोडी मला सगळ्यात कामाची वाटते. विंडोजचा पडदाही मराठीत करता येतो, त्यासाठी भाषेचा पॅक मिळतो. पण ज्या ऑफिसात तुम्ही उद्या बसाल तिथे 'सेटिंग्ज' असेल, 'संयोजना' नसेल. 'संचयिका निवडून धारिका जतन करा' असं बोलणारा कोर्स ऐकायला भारदस्त वाटतो, पण शिकणारा नंतर पडद्यावर धारिका शोधत बसतो. उलट 'सेव्ह म्हणजे जपून ठेवणं, सेव्ह ॲज म्हणजे वेगळ्या नावानं आणखी एक प्रत जपून ठेवणं' असं समजावणारा कोर्स घ्या. शब्द पडद्यावरचा, अर्थ आपल्या बोलीतला. आमच्याकडच्या एका शिक्षकांनी तर कट-पेस्ट अहिराणीत समजावलेलं मी ऐकलंय, आणि त्या वर्गातलं कोणी ते विसरलेलं नाही.

मराठी टायपिंग मात्र कोर्समध्ये हवंच. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं टाइप करता येतं. भाषा बदलायला विंडोज की धरून स्पेसबार. पण सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर फोनेटिकची सवय लावू नका, त्या परीक्षेचा जो कीबोर्ड असेल तोच पहिल्या दिवसापासून घ्या. बोटांना एकदा लागलेलं वळण सुटता सुटत नाही.

प्रमाणपत्र हवं की काम यायला हवं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानदार ते मुद्दाम एक करतात.

राज्य सरकारच्या नोकरीसाठी कॉम्प्युटर अर्हता मागितली जाते तेव्हा जाहिरातीत सहसा एमएस-सीआयटी किंवा डीओईएसीसीची सीसीसी, ओ, ए, बी, सी यांपैकी एक परीक्षा असं लिहिलेलं असतं. डीओईएसीसीचं नाव २०११ मध्ये बदलून नायलिट झालं, त्यामुळे प्रमाणपत्रावर नायलिट दिसलं तर घाबरायचं कारण नाही. सीसीसी हा ८० तासांचा अभ्यासक्रम आहे, परीक्षेत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यात विंडोजबरोबर लिनक्सची तोंडओळख आणि ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आहे. मराठीतून शिकायचं असेल तर एमएस-सीआयटी सोयीची. स्वतः वाचून परीक्षा द्यायची तयारी असेल तर सीसीसीचाही विचार करा.

पेन ड्राइव्हच्या कोर्सबरोबर मिळणारं सोनेरी कडांचं प्रमाणपत्र यात कुठेच बसत नाही. 'आयएसओ प्रमाणित संस्था' ही ओळ संस्थेच्या कारभाराबद्दल असते. त्या कागदाला सरकारी अर्हता म्हणून मान्यता आहे असा तिचा अर्थ होत नाही. फॉर्म भरायच्या आधी त्या भरतीची जाहिरात उघडून अर्हतेचा परिच्छेद वाचा.

खासगी नोकरीत चित्र वेगळं. डाळमिल, पाइप कंपनी, ट्रान्सपोर्ट, दवाखाना, इथे कागद बघतात पण हाताला काम देऊन बघतात. वहिनींनी तेच अनुभवलं.

पैसे न घालता काय मिळतं

मराठीत शिकायचं तर सगळ्यात आधी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिलेला, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून चाललेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि अनेक धड्यांचं निवेदन मराठीत. पद्धत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे: पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर, ऐकत ऐकत करायचं. धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात, त्यामुळे रोजचा डेटा पॅक संपला म्हणून अभ्यास थांबत नाही. तिथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर शिकवतात: लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरे. विंडोज शिकायचं असेल तर तिथे मिळणार नाही. आणि लिनक्सचे काही धडे उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर आहेत, वर सांगितलेली अडचण तिथे येईल.

इंग्रजी वाचता येत असेल तर जीसीएफग्लोबलचे विंडोजचे धडे सोप्या भाषेत आणि मोफत आहेत. लिनक्समध्ये पुढे जायचं असेल तर लिनक्स फाउंडेशनचा 'इंट्रोडक्शन टू लिनक्स' हा एडएक्सवर २०१४ पासून आहे; शिकणं मोफत, प्रमाणपत्राला पैसे. अकरावी-बारावीच्या पोरांना खेळातून शिकायचं असेल तर ओव्हरदवायर नावाच्या ठिकाणी 'बँडिट' हा खेळ आहे. लिनक्सच्या आज्ञा वापरून पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. एकदा लागला की पोरगं जेवायला उठत नाही, ही सूचना आधीच देऊन ठेवतो.

कॉम्प्युटर जुना असेल तर

विंडोज ११ ला चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, इंटेल असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन यात बसत नाहीत. विंडोज १० वर राहायचं असेल तर घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. त्यानंतर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा मशीनवर लिनक्स मिंट चांगलं चालतं, दोन जीबी रॅमपासून. टाकायची गरजसुद्धा नाही, पेन ड्राइव्हवरून थेट चालू करून बघता येतं. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, जुनं विंडोज जसंच्या तसं. पण 'घरचं मशीन लिनक्सला चालतं म्हणून लिनक्स शिका' असा सल्ला नोकरी शोधणाऱ्याला मी देणार नाही. ज्या पडद्यावर काम करायचंय तोच पडदा शिकायचा. शाळकरी मुलाची गोष्ट वेगळी, त्याला दोन्ही येऊ द्या.

विकत घेतलेल्या कोर्सचा पेन ड्राइव्ह लावताना एक गोष्ट पाळा. 'कोर्स चालू करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' असं पाकिटात लिहिलेलं असेल तर तो पेन ड्राइव्ह परत करा. धडे दाखवायला अँटिव्हायरस बंद करायची गरज कुठल्याच प्रामाणिक सॉफ्टवेअरला पडत नाही. शिवाय विचारा, एका चावीवर किती कॉम्प्युटरवर चालतं आणि मशीन फॉरमॅट झालं तर चावी पुन्हा मिळते का. भावाबहिणीत एकच कोर्स वापरायचा असेल तर इथेच वाद होतो.

वहिनींचं काय ठरलं

त्यांना सरकारी नोकरीचा अर्ज करायचा नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्राचा खर्च आम्ही बाजूला ठेवला. घरचा कॉम्प्युटर चार जीबीचा, विंडोज ११ त्यावर जाणार नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होतं. त्यावर 'सराव' अकाउंट उघडलं आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर एक तास, असं तीन आठवडे ठरवलं. कागदावरची दहा कामं, रोज दोन. एक्सेलच्या आधी हिशोबाच्या तक्त्याची सवय व्हावी म्हणून घरच्या मशीनवर लिब्रेऑफिस आणि स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे. खर्च शून्य. अडीच हजारांचा पेन ड्राइव्ह कोरा करून त्याच सरावाला वापरला. त्यावरून फाइल डिलीट केली की रिसायकल बिनमध्ये येत नाही हे वहिनींनी स्वतः करून बघितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "हे का नाही शिकवलं त्यानं?"

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, रथोत्सवाच्या तयारीत सगळं पिंप्राळा रस्त्यावर असताना, आम्ही त्यांना ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याच्या अनोळखी मशीनवर बसवलं. दहापैकी नऊ कामं पस्तीस मिनिटांत झाली. प्रिंटरची रांग राहिली. रथाची पत्रकं छापायला आलेल्या एका मुलानं ती त्यांच्यासमोर मोकळी करून दाखवली, आणि पुढच्या वेळी प्रिंट अडकली तेव्हा दुकानदारानं वहिनींनाच हाक मारली.